मिनार्डी आज असती तर टिकली असती का?

शेपटीचा_चाहता

एफ वनमध्ये मला पहिल्या तीन संघांपेक्षा शेवटच्या दोघांत जास्त रस. रोग जुना आहे, औषध नाही.

तर मुद्दा असा. इटलीत फाएन्झाला तळ असलेल्या मिनार्डी या छोट्या संघाने १९८५ ते २००५ असे एकवीस हंगाम काढले. ३४० शर्यती, एकूण ३८ गुण, पोडियम (पहिल्या तिघांत येणं) एकही नाही. त्या ३८ मधलेही ७ गुण २००५ च्या इंडियानापोलिसचे, जिथे मिशेलिन टायरवाले सगळे शर्यतीआधीच्या फॉर्मेशन लॅपनंतर पिटमध्ये वळले आणि सहाच गाड्या धावल्या. पैशाची ददात तर पाचवीला पुजलेली. तरीही फिसिकेला, त्रुली, अलोन्सो, वेबर या सगळ्यांनी एफ वनमध्ये पहिलं पाऊल टाकलं ते याच संघातून.

आज खर्चावर मर्यादा आहे आणि बक्षिसाच्या पैशाचं वाटप पूर्वीपेक्षा बरं आहे. २०१७ च्या जानेवारीत मॅनर गेली, त्यानंतर एकही संघ कायमचा बंद पडलेला नाही. मग मिनार्डी आजच्या नियमांत जगली असती का? माझं मत : आरामात. तुम्ही बोला.

तिरकस

मिनार्डी आजही आहेच की. फाएन्झातच आहे. फक्त आता तिला व्हिसा कॅश अ‍ॅप रेसिंग बुल्स म्हणतात.

मंदाकिनी_आर

@तिरकस, हसले, पण ते खरंच आहे. २००५ च्या शेवटी रेड बुलने घेतली, टोरो रोसो झाली आणि २००८ मध्ये फेटेलने मोंझा जिंकली. तेव्हा मुख्य रेड बुल संघाच्या नावावर एकही विजय नव्हता! फाएन्झाच्या लोकांनी वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते मालक बदलल्यावर तीन वर्षांत झालं. म्हणजे माणसं नालायक नव्हती, पैसाच नव्हता.

पूर्वग्रह

ती गाडी रेड बुलच्या डिझाइनची होती, पाऊस होता आणि इंजिन फेरारीचं होतं. फाएन्झाच्या लोकांना श्रेय द्या, पण जरा हात आखडता घ्या.

आणि मुळात ही 'बिच्चारा लहान संघ' भानगडच मला पटत नाही. १९८९ मध्ये ३९ गाड्या नोंदवलेल्या होत्या, म्हणून पूर्वपात्रता फेरी घ्यावी लागायची. १९९० मध्ये लाइफ नावाचा संघ स्वतःचं डब्ल्यू १२ इंजिन घेऊन आला आणि त्या पूर्वपात्रतेतूनही एकदा वर सरकला नाही. १९९२ ची आंद्रेआ मोदा आठवा : मोनॅको सोडलं तर कुठेही शर्यतीला पात्र नाही, मालकाला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकच्या पॅडॉकमध्येच अटक आणि शेवटी खेळाची अब्रू घालवली म्हणून हकालपट्टी. अशा संघांना कोणत्या आनंदासाठी जगवायचं?

शेपटीचा_चाहता

@पूर्वग्रह, आंद्रेआ मोदा आणि मिनार्डी यांना एकाच तागडीत घालू नका हो. मिनार्डीने गाडी स्वतः बांधली, वेळेवर आणली, शर्यती पूर्ण केल्या. १९८९ मध्ये एश्तोरिलला मार्तिनी एक लॅप आघाडीवर होता, १९९० मध्ये फिनिक्सला त्याने पहिल्या रांगेतून सुरुवात केली. गंमत करायला आलेले आणि गरीब यात फरक आहे.

लेखापाल

हिशेबाच्या बाजूने थोडं लांबण लावतो.

हरल्यामुळे संघ बुडत नाही, चुकीच्या महिन्यात खिसा रिकामा झाल्यामुळे बुडतो. बक्षिसाची रक्कम या वर्षीच्या क्रमांकावर ठरते आणि पुढच्या वर्षी हप्त्याहप्त्याने हातात पडते. पण पुढची गाडी बांधायची ती आत्ता, या वर्षीच्या उन्हाळ्यापासूनच. म्हणजे खर्चाचा डोंगर उभा राहतो हिवाळ्यात, जेव्हा शर्यती नसतात, टीव्हीवर गाडी दिसत नसते आणि नवा स्पॉन्सर अजून 'विचार करतोय' असतो. मधली पोकळी मालकाने भरायची, नाहीतर येणाऱ्या बक्षिसावर कर्ज काढायचं. कर्ज काढलं की पुढच्या वर्षीचा पैसा येण्याआधीच संपलेला.

मग कुठेतरी कुणकुण लागते की यांचं काही खरं नाही. काल साठ दिवसांची उधारी देणारा कार्बन फायबरचा पुरवठादार आज रोख मागतो. इंजिनवाला थकबाकीची आठवण करून देतो. मालवाहतूकवाला 'आधी पैसे, मग पेट्या' म्हणतो. वर्षाचा ताळेबंद कागदावर जुळत असलेला संघसुद्धा या तीन-चार आठवड्यांत मान टाकू शकतो. कोसळण्याच्या तारखा काढून बघा. प्रोस्ट जानेवारी २००२, लोटस जानेवारी १९९५, मॅनर जानेवारी २०१७. तिन्ही जानेवारीत.

कोपरा_क्रमांक_आठ

वा लेखापाल! जानेवारीचा मुद्दा कधी डोक्यात आला नव्हता.

मंदाकिनी_आर

मॅनर निघालीच आहे तर ब्राझील २०१६ सांगायलाच हवं.

शेवटून दुसरी शर्यत. मॅनरचा एक गुण होता, वेरलाइनने ऑस्ट्रियात दहावा येऊन मिळवलेला. सॉबरचा शून्य. दहावा क्रमांक म्हणजे बक्षिसाचा मोठा वाटा, अकरावा म्हणजे जवळपास ठणठणाट. धो धो पाऊस, सेफ्टी कार, लाल झेंडे, सगळा गोंधळ. मॅनरचा ओकॉन बराच वेळ गुणांच्या जागेवर होता, शेवटी बारावा आला. आणि सॉबरचा फेलिपे नासर, घरच्या प्रेक्षकांसमोर, नववा. दोन गुण. सॉबर दहावी, मॅनर अकरावी. अडीच महिन्यांत मॅनरला टाळं आणि दोनशेहून जास्त माणसं घरी.

आता पुढचं. ज्या नासरने सॉबरला ते पैसे मिळवून दिले त्याला २०१७ मध्ये सॉबरने जागा दिली नाही. त्याच्या जागी आला कोण? मॅनरचा वेरलाइन!

तिरकस

नासरने बोनसऐवजी नोकरीची हमी मागायला हवी होती.

टायरखुणा

हे वाचून एकच वाटतं, की दोनशे कुटुंबांचं भवितव्य एका ओल्या वळणावर ठरावं ही पद्धतच चूक. नववा-दहावा-अकरावा यांच्यात एवढी दरी ठेवायचीच कशाला?

पूर्वग्रह

कारण स्पर्धा आहे, म्हणून. अकराव्याला दहाव्याइतकंच द्यायचं तर शर्यत कशाला लावायची?

लेखापाल

@पूर्वग्रह, तसं कुणीच म्हणत नाही. पण त्या काळच्या वाटपात फेरारीसारख्यांना निव्वळ जुने म्हणून वेगळा बोनस होता, आणखी काही बड्यांना वेगळे करार होते. म्हणजे वर स्पर्धा नव्हती, खाली मात्र गळेकापू. आणि तळाचे एकमेकांना वाचवतात असंही समजू नका. मॅरुसिया २०१४ मध्ये कोसळली, पुढच्या वर्षी मॅनर या नावाने परत यायची धडपड चालली होती. त्यांना जुनी, २०१४ ची गाडी काही काळ चालवू द्यायची का, हा प्रश्न बड्या संघांच्या स्ट्रॅटेजी ग्रुपपुढे आला. उघडपणे विरोध केला तो फोर्स इंडियाने. स्वतः कडकी असलेल्या फोर्स इंडियाने! मॅरुसिया गेली असती तर तिच्या वाट्याचे पैसे उरलेल्यांत वाटले गेले असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कोपरा_क्रमांक_आठ

आणि ते पैसे होते कुणामुळे? ज्युल्स बियांकीमुळे. मोनॅको २०१४, नववा, दोन गुण, त्या संघाचे पहिलेच गुण. त्याच ऑक्टोबरमध्ये सुझुकाला त्याचा अपघात झाला आणि पुढच्या जुलैत तो गेला. मॅनर जी आणखी दोन हंगाम धावली ती त्या दोन गुणांच्या पैशावर. मला तर त्या शर्यतीचं रेकॉर्डिंग आता बघवत नाही.

फ्लोअरखाली

इथे खूपदा वाचतो, क्वचित लिहितो. एफ वनमध्ये नव्हतो, पण युरोपातल्या एका छोट्या फॉर्म्युला थ्री संघात काही हंगाम इंजिनिअर म्हणून काढलेत (नाव नको), म्हणून थोडं.

खालच्या गटांत बक्षिसाचा पैसा विसरा. गाड्या सगळ्यांना सारख्याच, एकाच कारखान्यातून आलेल्या. संघाचं गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हर, म्हणजेच त्याचे वडील. करार हंगामाचा, पैसे हप्त्याने, आणि तिसरा-चौथा हप्ता लांबला की आमच्या साहेबांचा चेहरा बदलायचा. आम्हाला कळायचं कसं? टायर. सरावात नवा संच घालायचा की जुनाच आणखी एकदा फिरवायचा हे स्टॉपवॉच ठरवत नसे, बँकेतली शिल्लक ठरवत असे.

मोडतोडीचा हिशेब वेगळा. पुढचा पंख, फ्लोअर (गाडीचा तळ), सस्पेन्शनचे दांडे, सगळ्याचं बिल ड्रायव्हरच्या नावे फाडायचं. पण बिल फाडणं वेगळं आणि वसूल होणं वेगळं. पोरगं कर्बवरून उडालं की बाकीचे लॅप टाइम बघायचे, आम्ही फ्लोअर बघायचो. सुटा फ्लोअर एकच असायचा आणि तोही दोनदा दुरुस्त केलेला. दुरुस्त केलेला भाग जड होतो, जड गाडी हळू जाते, हळू गेली की पुढच्या वर्षी चांगल्या घरचा ड्रायव्हर येत नाही. पैसे नाहीत म्हणून हळू, हळू म्हणून पैसे नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला हे आळस किंवा अक्कल नसल्यासारखं दिसतं. बाकी आमचा पिटमधला वेग मोठ्या संघांइतकाच होता, त्याला पैसे लागत नव्हते.

शेपटीचा_चाहता

@फ्लोअरखाली, असे प्रतिसाद यावेत म्हणूनच धागा काढला होता. आणखी लिहा ना.

टायरखुणा

सुट्या भागांवरून : २०२४ मेलबर्न. विल्यम्सकडे तिसरी चॅसी (गाडीचा सांगाडा) तयारच नव्हती. अल्बनने सरावात गाडी ठोकली, मग सार्जंटची गाडी काढून अल्बनला दिली आणि सार्जंट बिचारा, काही चूक नसताना, बघत बसला. आणि हा संघ नऊ वेळा कन्स्ट्रक्टर्स (संघांच्या क्रमवारीचा) विजेता! सुट्या भागांची हजारो नोंदींची यादी एका एक्सेल फाइलमध्ये ठेवायचे म्हणे, नव्या प्रमुखानेच सांगितलं. म्हणजे पैसा आल्यावरही गरिबीच्या सवयी जायला वर्षं लागतात.

मुक्काम_पोस्ट_पिटलेन

कुणी पैसे देऊन येणाऱ्या ड्रायव्हरांबद्दल बोललंच नाही अजून? ग्रिडचं खरं वाटोळं त्यांनी केलं. गुणवत्ता गेली चुलीत, वडिलांची कंपनी महत्त्वाची.

मंदाकिनी_आर

@मुक्काम_पोस्ट_पिटलेन, निकी लाउडाने बँकेचं कर्ज काढून मार्च नावाच्या संघात जागा विकत घेतली होती. १९९१ च्या स्पाला शूमाकर जॉर्डन संघाच्या गाडीत बसला तो मर्सिडीजने पैसे मोजले म्हणून. मालदोनाडो व्हेनेझुएलाच्या तेलकंपनीचा पैसा घेऊन आला, आणि २०१२ ची स्पॅनिश ग्रां प्री जिंकून विल्यम्सला कित्येक वर्षांनी विजय देऊन गेला. (नंतर गाड्याही बऱ्याच फोडल्या, ते मान्य.) पैसे आणणारा आणि रद्दड हे दोन वेगळे शब्द आहेत.

लेखापाल

शिवाय त्याचा धोका ड्रायव्हर वाईट निघण्यात नसतो, संघ त्याच्यावर लटकतो त्यात असतो. हास २०२१ मध्ये आख्खी गाडी रशियन स्पॉन्सरच्या रंगात रंगवून आली, २०२२ च्या चाचण्यांच्या मधेच युक्रेन युद्ध सुरू झालं आणि स्पॉन्सर व ड्रायव्हर दोन्ही एका झटक्यात गेले. आणि सॉबरने २०१५ मध्ये जागा दोन आणि करार त्याहून जास्त असा पराक्रम केला. जागा न मिळालेला व्हान डर गार्डे मेलबर्नच्या कोर्टात गेला, केस जिंकला आणि शेवटी पैसे घेऊन बाजूला झाला.

तिरकस

ओव्हरबुकिंग फक्त विमान कंपन्यांनीच करावं असा नियम आहे का?

रच्याकने, विमानावरून आठवलं, मिनार्डीचा शेवटचा मालक पॉल स्टॉडर्ट विमान कंपनीवालाच. दोन सीटची एफ वन गाडी करून पाहुण्यांना फिरवायचे आणि त्यातूनही पैसे काढायचे.

पूर्वग्रह

स्टॉडर्ट आवडायचा मला, हे लिहून ठेवा, मी कुणाचं कौतुक करत नाही. २००२ मेलबर्न, वेबरची पहिली शर्यत, मोडकळीला आलेली गाडी, मागे टोयोटाचा सालो. सालो गिरकी घेऊन बसला, वेबर पाचवा. समारंभ संपल्यावर वेबर आणि स्टॉडर्ट जाऊन पोडियमवर उभे राहिले. हंगामाच्या शेवटी मिनार्डी आणि टोयोटा दोघांचे गुण दोनच, आणि क्रमवारीत मिनार्डी वर. टोयोटाने त्या वर्षी किती पैसा ओतला होता ते मनात आणा.

कोपरा_क्रमांक_आठ

तसंच १९९९. नूर्बुर्गरिंगला बदोएर चौथा पळत होता, गिअरबॉक्स गेला आणि तो गाडीशेजारी बसून रडला. पण त्याच शर्यतीत मार्क हेने सहावा आला, एक गुण मिळाला आणि तेवढ्यावर मिनार्डी बीएआरच्या वर. बीएआरकडे सिगारेट कंपनीची तिजोरी होती आणि वर्षभरात गुण शून्य.

मुक्काम_पोस्ट_पिटलेन

ठीक आहे, लाउडाचं मान्य. पण मग सगळ्यात केविलवाणं मरण कुणाचं? माझं मत अ‍ॅरोज. २००२ फ्रान्स. गाड्या ट्रॅकवर तर उतरवायच्या, म्हणजे करार मोडला असं कुणी म्हणायला नको, पण शर्यतीला पात्र व्हायचं नाही म्हणून मुद्दाम हळू चालवायच्या. फ्रेंट्झनसारख्या माणसाला हे करावं लागलं.

टायरखुणा

माझं मत लोला १९९७. स्पॉन्सरच्या घाईपायी वर्षभर आधीच गाडी आणली, विंड टनेलचं (वाऱ्याच्या झोतात गाडी तपासायच्या बोगद्याचं) तोंड न पाहिलेली. मेलबर्नला पोलपेक्षा (पात्रता फेरीतल्या सर्वात वेगवान गाडीपेक्षा) ११ सेकंदांहून जास्त हळू, दोघंही शर्यतीला पात्र नाहीत, आणि ब्राझीलच्या आधी दुकान बंद. लोलासारखा गाड्या बनवण्यात मुरलेला कारखाना! नवशिके नव्हते ते.

फ्लोअरखाली

कॅटरहॅमही. २०१४ च्या शेवटी चाहत्यांकडून वर्गणी काढून अबू धाबीला गेले. मी तिथल्या मेकॅनिकांच्या बाजूने बघतो : संघ प्रशासकाच्या ताब्यात, पगाराचा पत्ता नाही, तरी शर्यतीच्या आदल्या रात्री गाडी जोडतात. ते 'खेळावरचं प्रेम' वगैरे ऐकायला छान वाटतं. खरं कारण असं की पॅडॉकमध्ये उभं असलेल्या माणसाला पुढची नोकरी मिळते, घरी बसलेल्याला नाही.

व्यवस्थापक

मरणाची स्पर्धा वेगळ्या धाग्यावर लावा ही विनंती. मूळ प्रश्न मिनार्डी आणि आजचे नियम असा आहे.

लेखापाल

बरोबर आहे, वळतो. शेपटीसाहेब 'आरामात' म्हणतात ते मला पटलेलं नाही.

खर्चमर्यादा २०२१ ला १४.५ कोटी डॉलरवर सुरू झाली. ही कमाल रेषा आहे. त्या रेषेपर्यंत पोहोचायला आधी तेवढे पैसे हवेत ना? ड्रायव्हरांचे पगार, सर्वाधिक पगाराचे तीन अधिकारी आणि मार्केटिंग हे तर मर्यादेच्या बाहेरच. २०१० साठी एफआयए या नियामक संस्थेचा तेव्हाचा अध्यक्ष मॅक्स मोझली याने ४ कोटी पौंडांची मर्यादा दाखवली होती, तिच्या भरवशावर नवे संघ अर्ज घेऊन धावले. बड्यांनी बंड केलं, मर्यादा बारगळली, अर्ज केलेले अडकले. यूएसएफ १ ग्रिडवर आलीच नाही. एचआरटी २०१२ मध्ये संपली, कॅटरहॅम २०१४ मध्ये, मॅनरचं वर आलंच आहे. एचआरटीची तयारी इतकी अपुरी होती की करुण चंढोकची गाडी पहिल्यांदा धावली ती थेट बहरीनच्या पात्रता फेरीत.

मिनार्डीला वाचवलं असतं ते खर्चमर्यादेने नाही. आजचा पैसा जास्त आहे आणि वाटणारी तोंडं कमी आहेत, त्यामुळे वाचली असती. शिवाय तळाच्या संघाला विंड टनेलचा वेळ जास्त मिळतो, विजेत्याला ७० टक्के तर दहाव्याला ११५, ही मदत खरी आहे.

मंदाकिनी_आर

पण लेखापाल, तोंडं कमी आहेत कारण दार बंद आहे. नव्याने यायचं तर २० कोटी डॉलर इतरांना नुकसानभरपाई म्हणून द्यायचे, असा २०२१ ते २०२५ चा करार होता. आंद्रेत्ती या अमेरिकी संघाला एफआयएने २०२३ मध्ये होकार दिला, एफ वनने जानेवारी २०२४ मध्ये नकार. जनरल मोटर्स स्वतः कॅडिलॅक म्हणून पुढे आली तेव्हा कुठे २०२६ साठी दार उघडलं. जनरल मोटर्सला एवढे खेटे, तर फाएन्झाच्या गॅरेजमधून आलेल्या माणसाला कोण विचारणार? मिनार्डी आत असती तर जगली असती. ती आत आलीच नसती.

पूर्वग्रह

आणि आत असती तर विकली गेली असती. विल्यम्स घराण्याने २०२० मध्ये १५.२ कोटी युरोंना संघ विकला. तीनच वर्षांनी अल्पीनचा फक्त २४ टक्के हिस्सा २० कोटींना गेला. कुठला जुना मालक असा भाव सोडेल? जॉर्डनचं पाहा : मिडलँड, स्पायकर, फोर्स इंडिया, रेसिंग पॉइंट, अ‍ॅस्टन मार्टिन. कारखाना सिल्व्हरस्टोनलाच, बहुतेक कामगारही तेच. २०१८ मध्ये तर त्यांच्याच ड्रायव्हरने, पेरेझने, थकलेल्या पैशासाठी अर्ज करून संघ प्रशासकाच्या हाती दिला, कारण तसं केलं नसतं तर कायमचाच गेला असता.

तिरकस

आणि २०२० मध्ये पेरेझला निरोप, तोही सांगून झाल्यावर त्याने रेसिंग पॉइंटला त्या नावाचा पहिला विजय मिळवून दिला. नासर आणि पेरेझ यांनी एक संघटना काढावी.

शेपटीचा_चाहता

'आरामात' मागे घेत नाही, पण मंदाकिनीताईंच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. जगण्याची सोय झाली ती आत असलेल्यांची. तरी मला दहा कायमचे संघ आणि एक जनरल मोटर्स यापेक्षा १९८९ च्या ३९ गाड्या आवडतील, त्यात चार आंद्रेआ मोदा आल्या तरी चालतील.

लेखापाल

चार आंद्रेआ मोदांच्या थकलेल्या बिलांची यादी पाठवू का?

फ्लोअरखाली

मला चालतील. आमच्यासारख्यांना तेवढ्याच नोकऱ्या जास्त. पगार आगाऊ घ्यायचा, बस.

मुक्काम_पोस्ट_पिटलेन

व्यवस्थापकांनी सांगितल्याप्रमाणे अ‍ॅरोजचा वेगळा धागा उघडतोय. ३८२ शर्यती, विजय शून्य, आणि १९९७ च्या हंगेरीत डेमन हिल जिंकत आला असताना शेवटच्या काही लॅपमध्ये हायड्रॉलिक्सने घात केला. आधीच सांगतो, त्या धाग्यावर अ‍ॅरोजचा मालक टॉम वॉकिन्शॉ याची बाजू घ्यायला कुणी येऊ नये.

पूर्वग्रह

मी येणार.